विमानाचा तास आणि शेतकऱ्याचा तास

जवळपास विमानतळ होणार असे कळताच गावात दोन तट पडतात. एकास जमिनीची धास्ती, दुसऱ्यास ‘तासाभरात अमुक शहर’ या शब्दांची भुरळ. या तासाचा हिशेब आम्ही महसुली दप्तराच्या रीतीने मांडू इच्छितो. उदाहरणास नाशिकचे ओझर व कोल्हापूरचे उजळाईवाडी हे दोन तळ घेऊ.

अंतर काढण्यास शाळकरी मुलाचा नकाशा पुरे. ओझर सुमारे २०.१२ अक्षांशावर, उजळाईवाडी १६.६६ वर. फरक ३.४६ अंशांचा; अंशास १११ किलोमीटर धरता ३८४ होतात. पूर्व-पश्चिम तफावत चाळीसेक किलोमीटरचीच असल्याने तिने बेरीज फारशी वाढत नाही. सुमारे ३८५ म्हणावे. पुण्यावरून सडकेने तेच साडेचारशेच्या घरात जाते. मोजणीदार ३३ फुटी साखळी उतारावरही आडवी ताणून धरी, त्यातलाच हा प्रकार. चढउतार व वळणे या आकड्यात नाहीत.

सत्तरएक आसनांचे पंख्याचे विमान तासास सुमारे ५०० किलोमीटर जाते. त्या मानाने ४६ मिनिटे पुरावीत. परंतु जमिनीवर सरकणे, उंची गाठणे व उतरणे मंद गतीने होते, म्हणून सव्वा तास धरणे रास्त. येथवर वाद नाही.

सातबारावर लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा निरनिराळे दाखवावे लागतात. विमानाच्या वेळेतील पोटखराबा मात्र कोणी दाखवीत नाही! निफाडच्या बागायतदारास घरून तळावर अर्धा तास, सुटण्यापूर्वी दोन तास हजेरी, सव्वा तास उड्डाण, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास, शहर गाठण्यास आणखी अर्धा. एकूण पावणेपाच तास. मोटारीस नऊ तास लागतात. निम्मा वेळ वाचतो, आणि तो आम्ही थोडा मानीत नाही.

हाच ताळा पुण्यास लावून पाहावा. ओझर व लोहगाव जवळजवळ एकाच रेखांशावर, अंतर १७० किलोमीटर. उड्डाण पाऊण तासाचे, पोटखराबा मात्र तोच साडेतीन तासांचा. मोटार पाच तासांत थेट दारी नेऊन सोडते. पाऊण तासाच्या लाभासाठी विहिरीखालची जमीन द्यावी काय? शिवाय थेट विमान नसून मुंबईवरून फेरा असेल, तर नकाशावरील सरळ रेघेला अर्थच उरत नाही.

म्हणून जेथे जमीन मागितली जाईल तेथे दराइतकीच चौकशी वेळापत्रकाची व्हावी. सकाळी जाऊन, काम उरकून, त्याच सांजेस परतता येईल काय? मंगळवारी नेणारे विमान शुक्रवारी परत आणणार असेल, तर वाचलेल्या चार तासांचे तीन मुक्काम होतात. द्राक्षांच्या पेट्यांचेही नाव फार घेतले जाते. पण लहान विमानाच्या पोटात प्रवाशांच्या सामानाशेजारी उरेल तेवढीच जागा, आणि परदेशी जाणारी द्राक्षे मुख्यत्वे शीतपेट्यांतून जहाजानेच जातात.

आणखी एक. २०१६ च्या मूळ उडान योजनेत तोट्याच्या मार्गास सरकारी भरपाई तीन वर्षांपुरतीच ठेवली होती, आणि पुढे कित्येक मार्ग बंद पडले. कंपनी मार्ग सोडू शकते. संपादित शेत मात्र परत नावावर चढत नाही. चौथ्या वर्षी विमान कोण चालवील, याचे लेखी उत्तर भूसंपादनाच्या सुनावणीपूर्वीच मागून घ्यावे.