वर्गांतील वर्तन व खोटी हजेरी

महाविद्यालयांतील विद्यार्थी उद्धट झाले, गुरुजनांस मान देत नाहींत, अशी ओरड धाराशिवच्या बाजारपेठेंत कोणत्याही पेढीवर बसलें असतां कानीं पडते. ती सर्वस्वी निराधार नाहीं. व्याख्यान चालू असतां मांडीवर मोबाईल ठेवून चित्रें पाहणें, उशिरां येऊन दार आपटणें हे प्रकार घडतात. परंतु आदर म्हणजे मान खालीं घालून मुकाट्यानें ऐकणें, असा जो समज या ओरडीमागें दिसतो, तो आम्हांस मान्य नाहीं.

या जिल्ह्यानें तरी तसें समजूं नये. निजामी अमलांत १९२१ सालीं हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली; पुढें स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक होते. १९३८ सालीं वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, तेव्हां उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं माफी मागण्यापेक्षां काढून टाकलें जाणें पत्करलें. त्यांतील कित्येकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. त्यांस आज कोणी उद्धट म्हणत नाहीं. कारण त्यांनीं विरोध उघड केला आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

आजचा दोष याच्या उलट जातीचा आहे. तो छुपा आहे, व त्याची किंमत दुसरेच मोजतात. वर्गांत नसलेल्याच्या नांवास मागल्या बाकावरून भलताच कोणी 'हजर' म्हणून उत्तर देतो, आणि पंचाहत्तर टक्क्यांचा नियम कागदावर पुरा होतो. हा गैरहजर विद्यार्थी असतो कोठें? पुष्कळदां चहाच्या हॉटेलांत. परंतु सोयाबीनची आवक सुरू झाली कीं तो वडिलांच्या गल्ल्यावर असतो, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. जो गृहस्थ रोजकीर्दींत एका रुपयाची खोटी नोंद सांपडली तर मुनिमास घरीं जाऊं देत नाहीं, तोच मुलाच्या नांवावरील खोट्या नोंदीकडे काणाडोळा करतो. हजेरीपट ही देखील वहीच आहे. मुलगा दुकानीं हवाच असेल तर प्राध्यापकांस चिठ्ठी लिहून रजा मागावी. त्यांत कमीपणा कसला?

एकदां फसलेला शिक्षक मग प्रत्येक नांवास चेहरा पारखूं लागतो, व तासाचीं दहा मिनिटें त्यांतच जातात. तीं मिनिटें परांड्याकडच्या खेड्यांतून पहांटेची एस्. टी. गाठून आलेल्या मुलीचीं असतात. तीच मुलगी शंका विचारण्यास उठली आणि तिच्या बोलीस मागून कोणी हंसलें, तर ती पुन्हां उठत नाहीं. हें हंसणें आम्ही मोबाईलपेक्षां मोठा अपराध समजतों. ज्यांचें नांव या महाविद्यालयांचें विद्यापीठ १९९४ पासून धारण करीत आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस बाळपणीं शाळेंत इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागलें होतें. तो अपमान भर वर्गांत, शिक्षकांच्या देखत होत होता. म्हणून शिक्षकांसही आमचें सांगणें आहे: हजेरी मागाहून घेतां येईल, परंतु तें हंसणें तत्काळ थांबविलें पाहिजे.

नवें वर्ष सुरू होतांच प्राचार्यांनीं पालकांची सभा बोलवावी व मागील वर्षाचा हजेरीपट त्यांच्यापुढें उघडून ठेवावा. तेवढ्यासाठीं तासभर पेढी सोडणें व्यापारी पालकांस जड वाटूं नये.