विश्लेषण : ४० वर्षांच्या ‘आर्गस’ला ब्रिटन निवृत्त का करू शकत नाही?

वैमानिकांची शाळा, जखमींचे रुग्णालय आणि सैनिकांची ने-आण, अशी सगळी कामे केलेल्या ‘आरएफए आर्गस’ला २०२५ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून पोर्टस्मथ बंदर सोडता आले नाही. ब्रिटिश नौदलाच्या दिमतीला असलेले हे सहायक जहाज तेव्हा चाळिशी ओलांडून गेले होते.

मालवाहू जहाज नौदलात कसे आले?

१९८१ मध्ये इटलीत ते बांधले गेले ते कंटेनर वाहण्यासाठी. पुढच्याच वर्षी फॉकलंड युद्धासाठी ब्रिटनने ते भाड्याने घेतले, युद्धानंतर विकतच घेतले. बेलफास्टच्या गोदीत फेरबदल झाले आणि १९८८ पासून हेलिकॉप्टर वैमानिक त्यावर शिकू लागले. डोलणाऱ्या डेकवर उतरण्याचा सराव जमिनीवर होत नाही आणि त्यासाठी विमानवाहू नौका अडकवून ठेवणे परवडत नाही.

रुग्णालय, पण लाल क्रॉस नाही?

१९९१ च्या आखाती युद्धात त्यावर रुग्णालय थाटले गेले. पुढे शंभर खाटांची सोय कायमची झाली. मात्र जहाजावर शस्त्रे आहेत, लष्करी हेलिकॉप्टर उतरतात. त्यामुळे जिनिव्हा करारातील रुग्णालय-जहाजाचे संरक्षण त्याला मिळत नाही. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत ते सिएरा लिओनला गेले. ‘वर्ल्ड वॉर झी’ चित्रपटात तर ते अमेरिकी नौदलाचे जहाज म्हणून झळकले!

मग अडले कुठे?

जहाज चालवतात ते ‘रॉयल फ्लीट ऑक्झिलरी’चे नागरी कर्मचारी, वैमानिक आणि डॉक्टर नौदलाचे. याच कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये वेतनासाठी संप केला. माणसे अपुरी, जहाज जुने. तरीही २०२२ मध्ये त्याला २०३० नंतरही राबवायचे ठरले, शिवाय किनाऱ्यावरील मोहिमांची नवी जबाबदारी दिली गेली. पडेल ते काम करणाऱ्याच्या वाट्याला आणखी काम येते, नवा जोडीदार येत नाही, हा अनुभव नौदलालाही चुकलेला नाही. युद्धनौकांच्या खरेदीची चर्चा संसदेत होते. सहायक जहाजाची आठवण ते बंद पडल्यावर येते.

भारताचा संबंध काय?

२०२४ मध्ये ‘आर्गस’ची देखभाल चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथील ‘एल अँड टी’च्या गोदीत झाली. भारतीय नौदलाचे प्रशिक्षण जहाज ‘आयएनएस तीर’ माझगाव डॉकमध्ये बांधले गेले आणि १९८६ मध्ये सेवेत आले. नौदलासाठी तीन नवी कॅडेट प्रशिक्षण जहाजे बांधण्याचा ३,१०८ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला, तोही ‘एल अँड टी’शीच.