स्वस्त शहराचं महागडं वेळापत्रक

निकाल लागला की बीड, गेवराई, धारूर, वडवणीच्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. मुंबईचं नाव कुणी काढत नाही. पुण्याचं काढलं तर वडील गप्प बसतात. शेवटी ठरतं, ‘संभाजीनगरला जा, स्वस्त पडतं.’ मराठवाड्याची राजधानी म्हणतात ते हे शहर. बीडपासून साधारण १३० किलोमीटर. १९५८ मध्ये विद्यापीठ तिथं सुरू झालं आणि आपल्या जिल्ह्यातली कॉलेजंही त्यालाच जोडलेली आहेत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे लेकीला भेटायला आईही जाऊ शकते.

पण स्वस्त म्हणजे कुणाच्या मानाने? पुण्याच्या मानाने म्हणाल तर खरंच स्वस्त. आता हाच खर्च ऊसतोडीत मोजून बघा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. तरी टनामागे हातात पडतात साडेतीनशेच्या थोडं वर. समजा बेगमपुरा किंवा पहाडसिंगपुऱ्यात तिघांत एक खोली घेतली आणि मेस, पुस्तकं, प्रवास धरून महिना सहा हजारांत भागवला. तर तो एक महिना म्हणजे सोळा-सतरा टन ऊस. नवरा-बायकोचा एक कोयता चांगल्या दिवशी दोनेक टन तोडतो. म्हणजे पोराच्या एका महिन्यासाठी आई-बापाचे आठ दिवस. त्यात उचल फेडायचीच असते, ती वेगळी.

यावर सरकारी उत्तर आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून थेट खात्यात पैसे येतात. संभाजीनगरसारख्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार: जेवणाचे २८ हजार, राहण्याचे १५ हजार, निर्वाहाचे ८ हजार. पंधरा हजारांना बारा महिन्यांनी भागा, खोलीला महिन्याचे साडेबाराशे येतात. ही योजना सुरू झाली २०१६-१७ मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आली, तेव्हाही अशा शहरांसाठी आकडा तोच, ५१ हजार. मधल्या सात वर्षांत मेसचा डबा कितीने वाढला, हे कुठल्याही मेसवाल्या काकूंना विचारा.

तरीही खरी अडचण रकमेपेक्षा तारखेची आहे. प्रवेश होतात जून ते ऑगस्टमध्ये. तेव्हाच खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, फी, गादी-बादली सगळं एकदम लागतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात पैसा नसतो. मागच्या हंगामाचा संपलेला असतो, उरलेला पेरणीत गेलेला असतो. मुकादमाकडून उचल मिळते ती साधारण पोळा ते दसऱ्याच्या दरम्यान. योजनेचा पैसा येतो त्याहून उशिरा: आधी प्रवेश, मग अर्ज, मग पडताळणी, मग हप्ता. हप्ता लांबल्याची ओरड तर दरवर्षीचीच.

मधले महिने कोण भरतं? व्याजाने पैसे देणारा, नाहीतर मुकादमच. पोराच्या डिपॉझिटसाठी उचल वाढवून घेतली की पुढचा हंगाम आधीच विकला जातो. अर्धा कोयता सुटावा म्हणून शिकायला गेलेल्या पोरामुळेच आई-बापाचा कोयता आणखी एक वर्ष घट्ट होतो. शहर स्वस्त असूनही शिक्षण महाग पडतं ते इथं.

मुलींचं गणित आणखी अवघड. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ झाली. चांगलंच झालं. पण फी माफ झाली तरी राहायचं कुठं? मुलगा मित्राच्या खोलीत दोन महिने काढतो, कुणी काही म्हणत नाही. मुलीला वसतिगृह मिळालं नाही तर बऱ्याच घरांत प्रवेशच रद्द होतो.

ही गोष्ट याच शहराला नवी नाही. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि नागसेनवनात कॉलेजबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. खेड्यातल्या पोराला वर्गाइतकीच डोक्यावरच्या छपराची गरज असते, हे तेव्हा ओळखलं गेलं होतं. आज आपण वर्ग वाढवतोय, छप्पर बाजारावर सोडतोय.

मग करायचं काय? तुमच्या हातात आहे ते आधी. आई-वडील फडावर जाण्याआधीच उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद, बँक खात्याला आधार जोडणी उरकून घ्या. ते एकदा कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात गेले की एका सहीसाठी अर्ज अडतो. खोली बघताना भाड्यासोबत दुसरा प्रश्न विचारा, ‘भाडेकरार लिहून देणार का?’ कागद न देणारी दोनशे रुपयांनी स्वस्त खोली पुढे महागात पडते.

उरलेलं सरकारचं काम. मोठी घोषणा नको. पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवरच द्या आणि रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. ऑगस्टमध्ये मिळालेले दहा हजार मार्चमध्ये मिळालेल्या वीस हजारांपेक्षा जास्त कामाचे असतात. कारण मार्चपर्यंत काही पोरं गावाकडे परतलेली असतात, आणि त्यांच्या हातात कोयता आलेला असतो.