अपॉइंटमेंट बदलली, पण कळली कुणाला?

मागच्या शनिवारी दुपारी बाराला मालवणहून बाबांचा फोन. "झिला, तास झालो, डॉक्टर काय दिसणा नाय."

पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांची अकराची ऑनलाइन अपॉइंटमेंट होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बीपीची वही उघडून खिडकीत बसलेले. (आमच्या घरात रेंज फक्त त्या खिडकीतच येते.) मी माझा फोन बघितला तर पावणेदहाला एसएमएस येऊन पडलेला, तोही इंग्रजीत: वेळ संध्याकाळी साडेपाचला हलवली आहे. बुकिंग मी केलं होतं, म्हणून नंबर माझा. आणि शनिवारी पावणेदहाला मी काय करत असतो ते सांगायला नकोच.

डॉक्टरांवर राग नाही हो. त्यांच्याकडे इमर्जन्सी येणारच. राग आहे तो आमच्या जमातीवर, म्हणजे माझ्यावरही, कारण असला कोड मीही लिहिलाय. आमच्या लेखी रिशेड्यूल म्हणजे टेबलातल्या एका ओळीत वेळ बदलायची, मेसेज सोडायचा, संपलं. मेसेज पोचला म्हणजे माणसाला कळलं, असं आम्ही बिनधास्त धरून चालतो. अरे, पण वेळ दोघांनी मिळून ठरवली होती ना? मग समोरचा 'हो' म्हणेपर्यंत नवी वेळ हा नुसता प्रस्तावच असला पाहिजे. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही तर क्लिनिकमधल्या कुणाच्या तरी स्क्रीनवर लाल दिवा लागावा आणि त्याने सरळ फोन उचलून मराठीत सांगावं. आणि बुकिंग करणाऱ्याचा नंबर वेगळा, आजारी माणसाचा वेगळा. दोन रकाने! एवढं काय अवघड आहे?

सरकारच्या 'ई-संजीवनी'ची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलेली ही सेवा टोकनवर चालते. टोकन घ्या, रांगेत थांबा, नंबर आला की बोला. ठरलेली वेळच नाही, तर बदलणार काय? पण तिथे दर वेळी आपलाच डॉक्टर मिळेल असं नाही, आणि बाबांना तर आपलाच डॉक्टर लागतो.

त्याआधी, २००६-०७ च्या सुमारास, आमचं सिंधुदुर्गचं जिल्हा रुग्णालय टेलिमेडिसिनने मुंबईच्या केईएमला जोडलं गेलं होतं. तेव्हा पेशंट ओरोसला जाऊन बसायचा. म्हणजे पलीकडची वेळ हलली तरी सांगायला शेजारी माणूस होता. तो माणूस आम्ही अ‍ॅपमधून काढून टाकला आणि त्याचं काम एसएमएसवर ढकललं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मालवणात कित्येक दिवस लाइट नव्हती, मोबाइलही बंद. अशा दिवशी पेशंटवर 'गैरहजर' असा शिक्का मारणारा कोड कदाचित माझाच असेल.

असो. साडेपाचला बाबा परत तोच शर्ट घालून खिडकीत. डॉक्टर आले, एक गोळी बदलली, दहा मिनिटांत काम झालं. आता अ‍ॅपमध्ये नंबर बाबांचा टाकलाय. फक्त ओटीपी आला की काय करायचं, ते विचारायला ते मलाच फोन करतात.