सरकारी खर्चाची तपासणी आणि आपले आमदार

आपल्या खेड्यापाड्यांतून आमदाराची परीक्षा बहुधा दोन कसोट्यांवर होते. लग्नकार्यास व दुःखाच्या प्रसंगी तो घरी येतो की नाही, ही पहिली. आणि सभागृहात उभा राहून मोठ्या आवाजात बोलतो की नाही, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिसरा एक प्रश्न आजवर कोणाही शेतकऱ्याच्या तोंडून आम्ही ऐकलेला नाही, आणि आमच्या अल्प समजुतीप्रमाणे तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तो असा की, हा गृहस्थ विधिमंडळाच्या कोणत्या समितीवर आहे, आणि तेथे बसून कोणत्या खात्याच्या कोणत्या खर्चाविषयी त्याने काय विचारले?

हे आम्हांस चमत्कारिक वाटते, कारण हिशेबाच्या बाबतीत शेतकरी मुळीच भोळा नाही. बाजार समितीत माल विकून आलेला आपला शेतकरी हिशेबपट्टी हातात घेऊन हमाली, तोलाई व कडता यांतील एकेका रुपयासाठी आडत्याशी अर्धा तास वाद घालतो. बटाईदाराशी वाटणी करताना पायली मोजून घेतो. तोच मनुष्य राज्याच्या अंदाजपत्रकाची बातमी वाचताना मात्र आपल्या पिकास काय मिळाले एवढेच पाहून वर्तमानपत्र घडी करून ठेवतो. मिळाले असे जे छापून आले, ते खरोखर खर्च झाले काय, आणि झाले असल्यास कशावर, हे विचारण्याचा हक्क आपला आहे याची त्यास आठवण राहत नाही.

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. शिक्षण म्हणाल तर गावच्या मराठी शाळेपुरतेच. जे काही शिकलो ते दप्तरातून. महसुली वर्ष एक ऑगस्टास सुरू होऊन एकतीस जुलैस संपते, आणि त्यानंतर जमाबंदीचे काम निघते, हे वाचकांस ठाऊक आहेच. मागणी किती, वसुली किती, बाकी किती, हे तलाठ्याच्या नमुना आठ-बमध्ये पाहावयाचे. पावतीपुस्तकाशी ते पडताळावयाचे. आणि पावत्यांची बेरीज चलनाच्या रकमेशी जुळली म्हणजे मग सही करावयाची. एका गावी पाच रुपयांचा फरक निघाला म्हणून रात्री अकरापर्यंत कंदिलाच्या उजेडात बसल्याचे आम्हांस स्मरते. शेतकऱ्याकडून पैसा आत घेताना सरकार इतके दक्ष असते. तो पैसा बाहेर जाताना इतकीच दक्षता कोण घेतो, हा खरा मुद्दा आहे.

राज्यघटनेने त्यासाठी व्यवस्था करून ठेविली आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे सरकारी खर्चाची तपासणी करितात. राज्याच्या हिशेबासंबंधीचे त्यांचे अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातात व तेथून विधिमंडळापुढे ठेवले जातात. हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटनासमितीत सांगितले होते, आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेल्या पुरुषाचे ते मत होते. विधिमंडळापुढे आलेल्या या अहवालांची छाननी लोकलेखा समिती करिते. ती खात्याच्या सचिवास समोर बसवून साक्ष घेते. मंजूर केलेली रक्कम त्याच कामावर खर्च झाली काय, मंजुरीहून अधिक खर्च का झाला, वस्तू घेतली ती रास्त भावाने घेतली काय, असे प्रश्न घालते आणि आपला अहवाल सभागृहास देते. संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ असे २२ सभासद असतात. मंत्री त्यात असू शकत नाही. आपल्या राज्यातही अशीच लोकलेखा समिती आहे. शिवाय जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार पाहणारी पंचायत राज समिती आहे. ती जिल्ह्यात आली म्हणजे कचेऱ्यांच्या भिंतींस चुना लागतो, एवढे तरी लोकांनी पाहिले असेल.

हा अधिकार आपल्याला आयता मिळालेला नाही. १८९७ साली नामदार गोखले हे पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे विलायतेस जाऊन वेल्बी कमिशनपुढे साक्ष देते झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. हिंदुस्थानच्या खर्चावर हिंदी प्रजेचा काडीइतकाही ताबा नाही, हे त्यांच्या साक्षीचे सार होते. आकड्यांच्या तयारीत गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांचे मोठे साहाय्य त्यांना होते, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. सरकारच्या खजिन्याचा हिशेब एका मास्तराने घरी बसून मांडावा, ही काही लहान विद्या नव्हे. पुढे १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गोखल्यांनी पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. देशात दुष्काळामागून दुष्काळ पडत असता खजिन्यात शिल्लक दिसते, याचा अर्थ रयतेकडून गरजेहून अधिक कर घेतला जात आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्या काळी कौन्सिलरांना अंदाजपत्रकावर बोलता येई, परंतु मत देता येत नसे. तरीही मिठावरील कर दर मणास अडीच रुपये होता, तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. मत देण्याचा हक्क नसताना केवळ आकडे नीट वाचून ही मजल मारता आली.

मत देण्याचा हक्क १९१९ च्या कायद्याने अंशतः आला आणि १९२१ मध्ये पहिली लोकलेखा समिती बसली. परंतु तिचा अध्यक्ष सरकारचा फडणीस म्हणजे फायनान्स मेंबरच असे. ज्याच्या हाती किल्ली त्याच्याच हाती झाडती! १९५० साली ती समिती संसदेची झाली, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा प्रघात पडला. त्या वर्षी मिनू मसानी हे पहिले तसे अध्यक्ष झाले. इंग्लंडात ही समिती १८६१ सालापासून आहे, व तेथेही अध्यक्ष विरोधी बाजूचा असतो.

एवढी उत्तम तजवीज असता काम का होत नाही? याचे उत्तर आम्ही दुसऱ्याच्या नावावर लोटणार नाही. ज्या टेबलावर ते काम अडते, त्याच टेबलाशी आम्ही बसत होतो.

एका टंचाईच्या वर्षी, तालुक्याचे नाव सांगत नाही, एका पाझर तलावाच्या दुरुस्तीस अनुदान आले. आले ते मार्च महिन्याच्या अखेरीस. एकतीस मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत ते कोषागारातून काढले नाही तर रक्कम व्यपगत होणार, म्हणून ते काढून कार्यालयाच्या नावे बँकेत ठेविले. इतपर्यंत जे झाले त्यात कोणी खिशात घातले नाही. परंतु वरून पत्रे येऊ लागली की उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, नाही तर पुढील हप्ता मिळणार नाही. काम निम्म्यावर होते. साहेबांनी सांगितले आणि आम्ही लिहिले की, संपूर्ण रक्कम मंजूर प्रयोजनासाठी खर्ची पडली आहे. अक्षर आमचे, सही साहेबांची. पावसाळ्यात भरावाचा कच्चा भाग वाहून गेला, आणि खालच्या बाजूच्या पाच-सहा खातेदारांच्या विहिरींस त्या उन्हाळ्यात पाणी राहिले नाही. त्यांतील एक वृद्ध बाई नुकसानीचा अर्ज घेऊन आमच्याच टेबलाशी आली होती. तो अर्ज आम्ही आवक रजिस्टरास घेतला आणि संबंधित यंत्रणेकडे रवाना केला. दुसरे काही केले नाही.

दोन वर्षांनी महालेखापाल कार्यालयाचे पथक आले. त्यातील एका तरुण लेखापरीक्षकाने बँकेच्या पासबुकावरून शिल्लक रक्कम पकडली आणि आक्षेप लिहिला. त्याचे उत्तर तयार करण्याचे काम पुन्हा आम्हांकडेच. या उत्तरांची एक ठरीव भाषा असते. ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे.’ ‘अभिलेख उपलब्ध करून घेऊन स्वतंत्रपणे कळविण्यात येईल.’ ‘काम प्रगतिपथावर आहे.’ यांतील एकही वाक्य खोटे ठरत नाही, हीच त्यांची करामत. आम्ही तिसरे वाक्य वापरले. पुढे साहेब बदलून गेले, आम्हीही दुसऱ्या शाखेत गेलो, आणि तो आक्षेप प्रलंबित आक्षेपांच्या यादीत वर्षानुवर्षे एका ओळीचा मानकरी होऊन राहिला. समितीपर्यंत तो पोहोचलाच नाही. असे शेकडो आक्षेप असतात. समितीच्या वाट्यास निवडक येतात, व तेही मूळ खर्चानंतर कित्येक वर्षांनी.

परंतु समजा, एखाद्या आमदाराने ती ओळ वाचून एवढेच विचारले असते की, भरावावर मुरूम किती ब्रास पडला व त्याचे मोजमाप पुस्तक दाखवा, तर आमचे ते वाक्य टिकले नसते. कारकुनास भाषणाची भीती वाटत नाही. मोजमाप पुस्तक मागणाऱ्या मनुष्याची वाटते.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे तर पाटबंधाऱ्यांचे उदाहरण ताजे आहे. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत, मागील दहा वर्षांत ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर, म्हणजे अवघे एक दशांश टक्का वाढल्याचे छापले गेले, आणि सबंध महाराष्ट्र हादरला. कारण त्याच अवधीत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगण्यात येत होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. दोष कोणाचा होता याच्या वादात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न इतकाच की, एकाच राज्याच्या एकाच ओलिताचे दोन आकडे कसे निघतात? वाचकहो, आपल्या विहिरीखाली किती एकर भिजते ते आपणांस बोटावर सांगता येते. हे हजारो कोटी वर्षानुवर्षे मंजूर होत असता दर मार्चात दर खात्याच्या मागणीवर मत घेतले जात होते. त्यांतील कित्येक मागण्या चर्चेविना, शेवटच्या दिवशी घंटा वाजवून, एकगठ्ठा संमत होतात. पुरवणी मागण्यांचेही तेच. हात वर करणाऱ्यांत आपलाही आमदार असतो.

समित्यांविषयी आमची एक तक्रार अशी की, त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. साक्षीदार अधिकारी मोकळेपणाने बोलावा म्हणून ही रीत आहे असे सांगतात. आम्हांस ते पटत नाही. इंग्लंडातील लोकलेखा समिती साक्षी उघडपणे घेते. आपल्याकडेही विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतल्याचे प्रकरण फिरोज गांधी यांनी १९५७ च्या डिसेंबरात लोकसभेत काढले, तेव्हा न्यायमूर्ती छागला यांनी त्याची चौकशी मुंबईत जाहीररीत्या चालविली. ऐकावयास लोकांची गर्दी लोटली. काम महिनाभरात उरकले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. साक्षीदार मोकळेपणाने बोलले की नाही ते वाचकांनी ठरवावे. निदान जे प्रकरण पाच वर्षे जुने झाले आहे, त्याची साक्ष तरी उघड का होऊ नये? त्यात कोणते राजगुपित राहिलेले असते? राहते ती केवळ आमच्यासारख्यांची लाज.

समितीचे काम करणाऱ्या आमदारास त्यापासून मतांचा लाभ नसतो, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. चारशे पानांचा अहवाल वाचून तो मुंबईच्या एका खोलीत चार तास बसला, तर त्याचे छायाचित्र छापून येत नाही. आणि त्याच दिवशी गावच्या सप्त्यास आला नाही म्हणून आपणच त्यास नावे ठेवितो. आमच्या मतदारसंघातील एका माजी आमदारांनी ही गोष्ट आम्हांस हसत हसत सांगितली होती. ‘अहो भाऊसाहेब,’ ते म्हणाले, ‘समितीत मी विचारलेला प्रश्न तुम्ही सोडून आजवर कोणी मला विचारलेला नाही.’

तेव्हा येत्या निवडणुकीत, किंवा तत्पूर्वी आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेस आमदार पाहुणे म्हणून येतील तेव्हा, हार घालून झाल्यावर दोन प्रश्न त्यांस विचारावे अशी आमची सूचना आहे. आपण कोणत्या समितीवर आहात व तिच्या किती बैठकांस हजर होता? आणि आपल्या जिल्ह्यासंबंधीचे कोणते लेखाआक्षेप आज प्रलंबित आहेत? दुसऱ्याचे उत्तर त्यांस न आले तरी राग मानू नये. यादी मागवून आणण्यास सांगावे व पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.

आमदाराची वाट न पाहताही काही करता येते. माहितीचा अधिकार आपल्या राज्यात २००२ च्या कायद्याने आला व देशभर १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्यावा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकलेस पानामागे दोन रुपये पडतात. निवृत्तीनंतर आम्हीही असा एक अर्ज केला. ज्या कचेरीत आयुष्य काढले तिच्याच आवक खिडकीशी रांगेत उभे राहून त्या पाझर तलावाची नस्ती मागितली. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आले; चौदा पानांचे अठ्ठावीस रुपये भरून नकला घेतल्या. नवव्या पानावर ते प्रमाणपत्र होते, आमच्याच अक्षरात. बाराव्या पानावर त्या बाईचा अर्ज होता व त्याच्या कोपऱ्यावर ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असा आमचाच शेरा. त्या नकलांचा संच आम्ही पत्रासोबत लोकलेखा समितीच्या अध्यक्षांकडे आणि आपल्या आमदारांकडे पाठविला आहे. पत्रात ते प्रमाणपत्र कोणी लिहिले होते हेही लिहिले आहे. उत्तर आल्यास याच मासिकातून कळवू.