औषधाच्या पाकिटावरचा सूर्य

भिलाईतील कॅम्प-१ या वस्तीच्या नावातच तिचा जन्म दडलेला आहे. पोलाद कारखान्याच्या उभारणीसाठी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईला आली. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि मुक्कामाला आलेले अनेकजण कायमचे रहिवासी झाले. छत्तीसगडी, तेलुगू, उडिया, भोजपुरी, मराठी अशा अनेक भाषा या नगरीत शेजारी-शेजारी नांदतात. मात्र यांपैकी कोणत्याही घरात आजारपण आले, की औषधाची जी पट्टी हाती पडते तिच्यावरचा बारीक मजकूर बहुधा इंग्रजीत असतो.

सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी '१-०-१' असे लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असा त्याचा अर्थ. ज्याला हा संकेत कोणी उलगडून सांगितलेला नाही त्याने तो आकडा एकशे एक असा वाचला, तर दोष त्याचा कसा म्हणावा? शिवाय वाचता येणे म्हणजे कळणे नव्हे. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाचनक्षमता कमी असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी 'दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा' ही सूचना बरोबर सांगितली. पण दिवसाच्या एकूण गोळ्या मोजून दाखवणे जेमतेम ३५ टक्क्यांनाच साधले.

आपल्या देशाला चित्रांचे सामर्थ्य ठाऊक नाही, असे मुळीच नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण १९६० च्या दशकापासून भिंतींवर झळकला. १९९५ मध्ये देशभर सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेचे पिवळे फलक दुरूनही ओळखू येत. परंतु ही चित्रे माणसाला केंद्रापर्यंत बोलावून आणतात. औषध घेऊन तो घरी परतला, की चित्रकाराची सोबत सुटते. जाहिरातीसाठी कलावंत आणि रुग्णाच्या हातातील पट्टीसाठी कोणीच नाही, ही वाटणी उलटी आहे. प्रतिजैविकांच्या पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध घेऊ नये, असे ती सांगते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्या प्रसारासाठी मोहीमही काढली. तरीही ज्याला तिचा अर्थ ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ती नुसती नक्षीच राहते.

चांगली रचना फारसे न बोलताही शिकवते. 'माला-डी' या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या, तर ७ वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. रोजची सवय तुटू नये म्हणून ही योजना; पाकीटच दिनदर्शिका होते. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर सुइणींसाठी श्वासमापक तयार केला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका धरायची. साठापर्यंत मोजता न येणाऱ्या बाईला त्यामुळे बाळाचे प्राण वाचवण्याच्या कामात हातभार लावता आला. येथे सुइणीला अडाणी ठरवून कोणी थांबले नाही. तिला जेवढे येत होते, त्यावरच साधन उभे राहिले.

मग औषधाच्या पाकिटावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य, मावळता सूर्य आणि चंद्र काढून त्यांच्याखाली गोळ्या का रेखाटू नयेत? डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतील खेड्यांसाठी तयार केलेल्या आरोग्यपुस्तकात ही युक्ती १९७० च्या दशकातच आलेली आहे. परंतु ती जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरेल. पोलाद कारखान्याची भट्टी रात्री विझत नाही. रात्रपाळी करून आलेला कामगार सूर्य उगवल्यावर झोपतो. मग झोपण्यापूर्वी घ्यायच्या गोळीसाठी चंद्र काढला, तर त्याने ती कामावर असताना घ्यावी काय? गुंगी आणणारी गोळी असेल, तर भट्टीजवळ ती जिवावर बेतू शकते. जेवणाच्या खुणेचेही तसेच. रिकामे ताट म्हणजे अजून जेवायचे आहे, की जेवून झाले आहे? काढणाऱ्याला जे स्वच्छ दिसते ते पाहणाऱ्याला तसेच दिसेल, याची खात्री नसते.

डॉक्टर तोंडी सांगतातच, मग चित्रांचा खटाटोप कशाला, असा आक्षेप काही जण घेतात. तोंडी सांगणे आवश्यकच आहे. पण ते दवाखान्याच्या दारातच विरते. तीन दिवसांनी, ताप उतरल्यावर, गोळ्या बंद कराव्यात की नाही हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा डॉक्टर समोर नसतात, पाकीट असते. चित्रे म्हणजे निरक्षरांची कुबडी, हा समजही खोटा आहे. चष्मा हरवलेल्या पदवीधराला त्यांचा तेवढाच उपयोग होतो.

खर्चाची सबब तर फारच लंगडी आहे. औषध-विक्रेत्याला एक रबरी शिक्का आणि एक पेन पुरेसे आहे. मात्र शिक्का बनवण्यापूर्वी त्याचे चित्र कॅम्प-१ मधील रात्रपाळीच्या कामगारांना, घरातील वृद्धांना आणि घरोघरी जाणाऱ्या मितानिनींना दाखवावे. समजले का, असे त्यांना विचारू नये. 'हो' म्हणणे सोपे असते. गोळ्या समोर ठेवाव्यात आणि उद्या दिवसभरात कोणती केव्हा घ्याल ते मांडून दाखवा, असे सांगावे. दहांपैकी दोघे जरी चुकले, तरी चित्र बदलावे.