पत्रा बदलला, ताके कोण उलगडणार?

बाळकुम सोडून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की गोदामं सुरू होतात, ती काल्हेर, पूर्णा करत थेट अंजूरफाट्यापर्यंत. पावसाळ्यात इथल्या कुठल्याही गोदामवाल्याचा पत्रा गळू द्या. तो पत्रा बदलून थांबत नाही. खालची थप्पी उतरवतो, ताके उलगडून बघतो, भिजलेले बाजूला काढतो, पार्टीला फोन करतो. त्याच गोदामाच्या केबिनमधल्या सर्व्हरच्या बाबतीत मात्र हाच माणूस नुसता पत्रा बदलून गप्प बसतो. देखभालीच्या वार्षिक कराराचा, म्हणजे एएमसीचा, पोरगा येतो, ‘अपडेट मारलंय, आता टेन्शन नाही’ म्हणतो आणि कागदावर सही घेऊन निघून जातो.

टेन्शन खरं तर तिथून पुढे आहे. फाइल सिस्टिममध्ये डेटा बिघडवणारा दोष सापडला आणि त्यावर दुरुस्तीचा पॅच आला, की तो पुढची नासाडी थांबवतो. झालेली नासाडी भरून देत नाही, आणि ती कुठे झाली हे तर मुळीच सांगत नाही.

2023 चा नोव्हेंबर घ्या. झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली फाइल सिस्टिम. तिची ख्यातीच मुळी डेटा सांभाळण्याची: प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ती जपून ठेवते आणि वाचताना दर वेळी पडताळते. ती लिनक्सवर आणण्यात पुण्याचाही हात आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने पाया घातला होता; त्यावर फाइली-फोल्डरांचा वरचा थर चढवून 2010 च्या सुमारास पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने ती चालवून दाखवली. (पुणेकर या कामाबद्दल फारसं बोलत नाहीत, हे एक नवलच.)

ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्या मुक्त रूपाची, ओपनझेडएफएसची, 2.2.0 आवृत्ती आली, ब्लॉक क्लोनिंग (मजकूर पुन्हा न लिहिता प्रत करणं) ही नवी सोय घेऊन. महिन्याभरात जेंटू लिनक्स वापरणाऱ्या एकाच्या लक्षात आलं की गो भाषेचा कंपायलर बसवताना कॉपी झालेल्या काही फाइलींत मजकुराच्या जागी नुसती शून्यं आहेत. संशय साहजिकच नव्या सोयीवर गेला आणि 2.2.1 मध्ये ती बंद करून टाकली. मिटलं म्हणेपर्यंत तोच प्रकार जुन्या 2.1 वरही दिसला. क्लोनिंगमुळे दोष जास्त वेळा वर येत होता, एवढंच. मूळ खोड कित्येक वर्षांची होती.

ती खोड समजून घेण्यासारखी आहे. कॉपी करणारा प्रोग्राम आधी फाइल सिस्टिमला विचारतो: या फाइलीत मजकूर कुठे आहे आणि रिकामी जागा कुठे? रिकामी जागा वाचत बसायला नको, वेळ वाचतो. लिनक्सवरची साधी सीपी आज्ञाही अलीकडच्या आवृत्त्यांत असं विचारू लागली आहे. फाइल नुकतीच लिहिलेली आणि अजून डिस्कवर न उतरलेली असेल, तर झेडएफएसने आधी ती उतरवून मग उत्तर द्यायला हवं. पण पापणी लवायच्या आत संपणारा एक क्षण असा होता, की तिला ती फाइल उतरून झालेली वाटे आणि उत्तर जाई, ‘इथे काही नाही’. मूळ फाइल शाबूत, प्रत पोकळ. नाव तेच, साइज तेवढीच. आणि चेकसम? तोही जुळतो! लिहायला दिलं तेच चुकीचं होतं, चेकसम त्याचाच निघाला. सगळी डिस्क तपासणारा स्क्रब चालवला तरी अहवालात एकही चूक नाही. 30 नोव्हेंबरला 2.2.2 आणि 2.1.14 आल्या, दुरुस्ती जेमतेम काही ओळींची.

आता कशेळीत या. समजा, माल पोचल्याची सही-शिक्क्याची बिलटी, म्हणजे पीओडी, स्कॅन होऊन झेडएफएस असलेल्या सर्व्हरवर पडते. पडल्या पडल्या एक स्क्रिप्ट तिची प्रत त्या दिवसाच्या फोल्डरात टाकते आणि मूळ स्कॅन पुसून टाकते. लिहून होताच कॉपी: दोषाला हवा होता तो हाच क्षण. तो नेमका गाठला जाण्याची शक्यता फार थोडी, हे कबूल. पण गाठला गेला, तर उघडलेल्या स्कॅनमध्ये गाडीचा नंबर दिसेल, मालाचं वर्णन दिसेल, आणि खाली सही-शिक्क्याच्या जागी करडा पट्टा. ज्याच्यावर भाड्याचं बिल पास होतं तेवढाच भाग गायब. हे कळणार कधी? सहा महिन्यांनी पार्टी ‘माल कमी आला’ म्हणेल तेव्हा. तोवर महिन्याभराच्या बॅकअपचं चक्र कितीदा तरी फिरून गेलेलं असतं, आणि त्यातल्या प्रत्येक प्रतीत तोच करडा पट्टा.

पॅचच घात करतो असंही होतं. त्याच वर्षी 9 डिसेंबरला डेबियन या लिनक्सची 12.3 आवृत्ती यायची होती. तिच्यातल्या 6.1.64 कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, एक्स्ट-4 फाइल सिस्टिमचा डेटा बिघडू शकतो असं ऐन वेळी कळलं. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्यात आणताना तिच्याआधी लागणारा बदल आणायचा राहून गेला होता. 12.3 रोखली आणि दुसऱ्या दिवशी थेट 12.4 काढली. सुरक्षेचे पॅच ताबडतोब, बाकी कर्नल आठवडाभर थांबून, हा माझा हिशेब. ‘चालतंय ते चालू दे’ म्हणणाऱ्यांना मात्र यातून सूट मिळत नाही.

तर पॅचनंतर काय? दोषी आवृत्ती आपल्याकडे कधी बसली आणि कधी गेली, या दोन तारखा आधी लिहून काढायच्या. त्या काळात तयार झालेल्या फाइलींची यादी करायची. हिशेबाच्या डेटा फाइलींत शून्यांचे पट्टे मुळातच असू शकतात, त्यामुळे तिथे नुसती शून्यं शोधून फारसं हाती लागत नाही. स्कॅनचं तसं नाही. जेपीईजीमधला मजकूर दाबून बसवलेला असतो, त्यात शून्यांची लांबलचक रांग सापडली तर ती फाइल संशयित धरायची. हे काम छोटी स्क्रिप्ट रात्रीतून करते. संशयितांची यादी हातात आली की माळ्यावरची बिलटीबुकं आणि परत आलेल्या सहीच्या प्रती खाली काढायच्या आणि पुन्हा स्कॅन करायच्या. जीएसटी कायद्याने हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचीच आहेत. ‘स्कॅन केलंय ना’ म्हणून ती रद्दीत घालणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

एएमसीच्या कागदावर एक ओळ वाढवून घ्या: डेटा बिघडवणाऱ्या दोषावर पॅच लावला, तर संशयित फाइलींची यादी लेखी द्यायची, यादी निरंक असली तरी. पोरगा कुरकुरेल, शेठ जास्तीचे पैसे कशाचे म्हणून विचारतील. पत्रा गळल्यावर ताके उलगडायला हमाल लावता तेव्हा त्यांची मजुरी देताच की.